जालन्याची हद्द आणि पॅरिसची बैठक : हैदराबादच्या प्रश्नाकडे जगानं कसं पाहिलं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)

मागच्या दोन व्याख्यानांत आपण मराठवाडा मुक्तिसंग्रामाची अंतर्गत बाजू पाहिली. आज तीच गोष्ट बाहेरून पाहायची आहे. म्हणजे असं, की 1948 साली भारत आणि हैदराबाद यांच्यातला वाद जगासमोर गेला, थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत. तिथे काय झालं? आणि त्याचा आपल्या जालन्याशी काय संबंध?

सुरुवात जालन्यापासूनच करू. इथून सिंदखेड राजा तीसेक किलोमीटर. तुम्ही एसटीत बसलात की तासाभरात जिजाऊंच्या जन्मस्थानी पोहोचता. वाटेत जिल्हा बदलतो, विभाग बदलतो, मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो. पण तिकीट सोडून तुमच्याकडे कुणी काही मागत नाही. 1948 च्या सप्टेंबरात मात्र हीच रेघ दोन राज्यसत्तांमधली सरहद्द होती. समर्थ रामदासांचं जांब निजामाच्या मुलखात, जिजाऊंचं सिंदखेड भारत सरकारच्या मुलखात. एक म्हणत होता, आम्ही स्वतंत्र देश आहोत. दुसरा म्हणत होता, तुम्ही देश नाहीच.

तेव्हा आजच्या विषयाचं सूत्र सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपण याला सहज 'दोन शेजाऱ्यांमधला सीमावाद' म्हणतो. पण हे दोन शेजारी देश होते की नव्हते, हाच मुळात वाद होता. जगानं त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. आणि या वादात ज्यांच्या गावांतून रेघ गेली होती, त्यांना कुणी विचारलंच नाही.

ही रेघ आली कुठून?

वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्यामधली हद्द काही देवानं आखलेली नाही. त्यासाठी 1803 पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी 23 सप्टेंबरला आपल्याच जिल्ह्यात, भोकरदन-जाफ्राबादकडच्या असई गावाजवळ मोठी लढाई झाली. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. निजाम इंग्रजांच्या गोटात होता. मराठ्यांचा पराभव झाला आणि डिसेंबरात दोन तह झाले. देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा आपला मुलूख सोडला. त्यात जालन्याचा किल्ला आणि परगणा होता. हे दोन्ही मुलूख पुढे निजामाच्या पदरात पडले.

म्हणजे तेव्हा जालनाही निजामाचं आणि वऱ्हाडही निजामाचं. मग मध्ये रेघ कशी आली? तर ती कर्जापायी आली. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली होती आणि तिचा खर्च निजामाच्या माथी. तो थकत गेला. 1853 साली त्या देण्यापोटी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1902 साली लॉर्ड कर्झनच्या काळात वर्षाला 25 लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतला गेला आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. 1936 च्या करारात मात्र वऱ्हाडावर निजामाचं सार्वभौमत्व आहे असं पुन्हा मान्य केलं गेलं, आणि निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला.

हे सगळं सांगण्याचं कारण असं. 1947 उजाडलं तेव्हा देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखली ही गावं कारभारानं नागपूरची होती आणि कागदावर निजामाची. त्यामुळे वाद फक्त 'हैदराबाद भारतात येणार का' एवढाच नव्हता. 'वऱ्हाड परत हैदराबादकडे जाणार का' असाही एक धागा त्यात होता. इंग्रज गेले, पट्टा संपला, आमचा मुलूख आम्हाला द्या, असं निजामाचं म्हणणं होतं. वऱ्हाडचा कारभार प्रत्यक्षात नागपूरकडेच राहिला.

हद्दीवरचं रोजचं जगणं

सरहद्द म्हटल्यावर आज आपल्या डोळ्यांसमोर काटेरी तारा येतात. इथली सरहद्द तशी नव्हती. शेतं एकमेकांना लागून होती, सोयरिकी दोन्हीकडे होत्या. वऱ्हाडातली माणसं इकडच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणायची. मोगलाईतल्या पोरीला वऱ्हाडात दिलं, वऱ्हाडातली सून मोगलाईत आली, हे चालूच होतं.

पण रेघ जाणवायची ती पैशात आणि मालात. हैदराबादचं नाणं वेगळं होतं. हाली शिक्का म्हणत त्याला. साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये, असा हिशेब. टपालाची तिकिटं वेगळी, रेल्वे निजामाची. आणि हद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात. माल आत आला की करोडगिरी, बाहेर गेला की करोडगिरी.

जालना तर व्यापाराचं गाव. 'जालना, सोने का पालना' ही म्हण तुम्ही लहानपणापासून ऐकलीच आहे. कापूस, धान्य, सरकी, सगळ्याची मोठी उलाढाल. माल मनमाडपर्यंत छोट्या गाडीनं जायचा, तिथे मोठ्या गाडीत चढायचा आणि मुंबईला पोहोचायचा. म्हणजे जालन्याची बाजारपेठ हैदराबादपेक्षा मुंबईकडे जास्त तोंड करून होती. उद्या ही हद्द खरोखरच आंतरराष्ट्रीय झाली तर इथल्या अडत्याचं, शेतकऱ्याचं काय होईल, हे समजायला कुणाला पुस्तक वाचायची गरज नव्हती.

भाषेचंही तसंच. 1941 च्या शिरगणतीत संस्थानची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 63 लाख होती. तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारे बहुसंख्य. कारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत. आपल्या भाषेत शिकता यावं, सभा घेता यावी, जबाबदार राज्यपद्धती असावी, या मागण्या आधी आल्या. विलीनीकरणाची मागणी नंतर आली. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन 1937 साली झालं ते आपल्या जिल्ह्यातल्या परतूरला, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली. हे लक्षात ठेवा. पॅरिसला वाद पोहोचण्याच्या अकरा वर्षं आधी परतूरला लोक जमले होते, आणि 'आमच्या कारभारात आम्हाला काही विचारणार आहात का' असं विचारत होते.

1947 : करार झाला, विश्वास नव्हता

इंग्रजांचं जाणं ठरलं तसा प्रश्न उभा राहिला की संस्थानांचं काय. भारत स्वातंत्र्याच्या कायद्यानं संस्थानांवरची इंग्रजांची अधिसत्ता संपणार होती. निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून 1947 मध्ये फर्मान काढलं की आपण भारतातही जाणार नाही, पाकिस्तानातही नाही. आपण स्वतंत्र राहू.

इथे जरा थांबू. आपल्याकडे या भूमिकेची नुसती टर उडवली जाते. ते बरोबर नाही. कायद्याच्या अंगानं निजामाच्या वकिलांकडे मुद्दा होता. अधिसत्ता गेली म्हणजे ती कुणाकडे गेली? कायद्यात ती भारत सरकारकडे गेली असं लिहिलेलं नव्हतं. सर वॉल्टर मॉन्क्टन यांच्यासारखा नामवंत इंग्रज कायदेपंडित त्यांचा सल्लागार होता. म्हणून हा मुद्दा जगात काही लोकांना पटत होता.

पण कायद्याच्या कागदाखाली माणसं होती. 7 ऑगस्ट 1947 ला स्टेट काँग्रेसनं 'भारतात सामील व्हा' दिन पाळला. 15 ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थ यांना तिरंगा फडकावल्यावर अटक झाली. नंतर सुटका, पुन्हा अटक.

29 नोव्हेंबर 1947 ला भारत आणि हैदराबाद यांच्यात 'जैसे थे' करार झाला. मुदत एक वर्ष. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण यांत पूर्वीची व्यवस्था तात्पुरती चालू राहावी, असा त्याचा अर्थ. शाई वाळायच्या आत दोन्हीकडून तक्रारी सुरू झाल्या. भारताची तक्रार अशी की हैदराबादनं पाकिस्तानला 20 कोटींचं कर्ज देऊ केलं, भारतीय चलनावर बंधन घातलं, मौल्यवान धातू बाहेर न्यायला बंदी केली, चोरून शस्त्रं आणली. शस्त्रांची गोष्ट खरी होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानानं शस्त्रं आणत होता. हैदराबादची तक्रार अशी की भारतानं आर्थिक कोंडी केली आहे, औषधं आणि पेट्रोलसुद्धा येऊ देत नाहीत. कोंडी होती, हेही खरंच होतं.

आणि या सगळ्यात रझाकार. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनची ही स्वयंसेवक फौज. तिचा नेता कासीम रझवी, लातूरचा वकील. पंतप्रधान लायक अली, पण दरारा रझवीचा. गावं लुटली गेली, माणसं मारली गेली, हजारो कुटुंबं वऱ्हाडात, खानदेशात, नगर-सोलापूरकडे निघून गेली. तिथे हद्दीलगत स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. कॅम्पातली मुलं रात्री हद्द ओलांडून करोडगिरीचे नाके, पोलीस चौक्या यांवर हल्ले करायची आणि परत जायची. जालन्यानंही हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर यांच्यासारखी माणसं या काळात गमावली. निजाम सरकार या हल्ल्यांना 'भारतीय हद्दीतून होणारं आक्रमण' म्हणायचं. भारत सरकार म्हणायचं, हे तुमच्याच प्रजेचं बंड आहे. एकाच घटनेची ही दोन नावं पुढे पॅरिसपर्यंत गेली.

तडजोडीचा एक शेवटचा प्रयत्न जून 1948 मध्ये झाला. माउंटबॅटन भारत सोडण्याच्या बेतात होते. मसुदा तयार झाला. त्यात जबाबदार सरकार होतं आणि विलीनीकरणावर सार्वमत होतं. निजामानं तो नाकारला. 21 जूनला माउंटबॅटन गेले. सार्वमत तेव्हा हुकलं ते हुकलंच.

बाहेरचं दार ठोठावणं

आता हैदराबादनं जगाकडे पाहिलं. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी मध्यस्थी करावी, अशी विनंती निजामानं केली. ती मानली गेली नाही. ब्रिटनमध्ये विरोधी पक्षनेते चर्चिल निजामाची बाजू घेत होते, पण सत्ता मजूर पक्षाची होती आणि अॅटली सरकारला भारताशी बिघाड नको होता. पाकिस्तानची सहानुभूती होती, पण पाकिस्तान स्वतः काश्मीरमध्ये अडकलेलं. आणि हैदराबादला समुद्र नव्हता, चहूबाजूंनी भारत. सहानुभूती असली तरी ती पोहोचणार कुठून?

राहिलं संयुक्त राष्ट्रसंघ. 21 ऑगस्ट 1948 ला हैदराबादच्या परराष्ट्र खात्याची तार सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांकडे गेली. आधार सनदेच्या 35 व्या कलमाचा. त्या कलमात अशी सोय आहे, की सदस्य नसलेलं राष्ट्रसुद्धा वाद परिषदेपुढे नेऊ शकतं, मात्र वाद शांततेनं सोडवण्याचं बंधन त्यानं आधी मान्य केलं पाहिजे. कलमातला शब्द 'राष्ट्र' असा आहे. सगळा पेच त्याच शब्दात होता.

त्याच 21 ऑगस्टच्या रात्री हैदराबाद शहरात आणखी एक घटना घडली. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांच्यावर हल्ला झाला आणि त्यांचा जीव गेला. त्यांचा गुन्हा काय? मुसलमान असून भारतात विलीन व्हावं असं त्यांनी लिहिलं. जगाला तार जाते की आमच्या स्वातंत्र्याचं रक्षण करा, आणि त्याच रात्री घरातल्या वेगळ्या आवाजाचा गळा दाबला जातो. परिषदेच्या कागदात फक्त पहिली गोष्ट गेली.

भारताची अडचण वेगळी होती. त्याच वर्षी 1 जानेवारीला काश्मीरचा प्रश्न घेऊन भारत स्वतःच सुरक्षा परिषदेत गेला होता आणि तिथला अनुभव चांगला नव्हता. आता हैदराबादबद्दल 'परिषदेनं यात पडू नये' म्हणायचं होतं. भारताचा युक्तिवाद असा : हैदराबाद हे राष्ट्र नाही, कधीच नव्हतं, तेव्हा 35 वं कलम त्याला लागू नाही. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, आणि अंतर्गत बाबींत संयुक्त राष्ट्रांनी हस्तक्षेप करू नये असं सनदेच्या दुसऱ्या कलमातच म्हटलं आहे.

पाच दिवस

आता तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

11 सप्टेंबरला कराचीत जीनांचं निधन झालं. 12 आणि 13 सप्टेंबरला हैदराबादच्या पुन्हा तारा गेल्या, लवकर सुनावणी घ्या, आक्रमण होतंय. 13 सप्टेंबरच्या पहाटे भारतीय फौजा हद्दीत शिरल्या. लष्करी नाव ऑपरेशन पोलो, मुख्य तुकडीचं नेतृत्व मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे, मुख्य वाट सोलापूरकडून. आपल्या भागात मेजर जनरल डी. एस. ब्रार यांची फौज होती. 14 तारखेला औरंगाबादनं शरणागती दिली. जालन्यात मात्र चिवट प्रतिकार झाला. 3 शीख, 2 जोधपूर इन्फंट्रीची एक कंपनी आणि 18 कॅव्हलरीचे रणगाडे इथे लढले. 15 तारखेला जालन्यात गुरख्यांची एक कंपनी ठेवून बाकी फौज पुढे निघाली.

आता पॅरिस. संयुक्त राष्ट्रांची आमसभा त्या वर्षी पॅरिसला भरणार होती, म्हणून सुरक्षा परिषदही तिथे, शायो प्रासादात. हैदराबादच्या प्रश्नावरची पहिली बैठक झाली 16 सप्टेंबरला. म्हणजे पहिल्या तारेनंतर 26 दिवसांनी, आणि जालना पडल्याच्या दुसऱ्या दिवशी.

अध्यक्षस्थानी ब्रिटनचे सर अलेक्झांडर कॅडोगन. हैदराबादतर्फे नवाब मोईन नवाझ जंग, भारतातर्फे सर ए. रामस्वामी मुदलियार. पहिला प्रश्न एवढाच, की हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायचा का. मतदान झालं. बाजूनं 8, विरोधात एकही नाही, 3 तटस्थ. तटस्थ राहिले चीन, सोव्हिएत संघ आणि युक्रेन.

आठ-शून्य म्हटल्यावर हैदराबाद जिंकलं असं वाटतं. तसं नव्हतं. विषय घेतला याचा अर्थ हैदराबाद राष्ट्र आहे असं मान्य केलं, असा होत नाही, हे तिथेच स्पष्ट करण्यात आलं. परिषदेला अधिकार आहे की नाही हा प्रश्न उघडाच ठेवला गेला. आठ सदस्यांनी एवढंच म्हटलं, ऐकून तर घेऊ.

ऐकायला वेळ उरला नाही. 17 सप्टेंबरच्या संध्याकाळी निजामानं युद्धबंदी जाहीर केली. 18 ला हैदराबादचे सेनापती जनरल एल इद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली. परिषद 20 सप्टेंबरला पुन्हा बसली तेव्हा ज्या राज्याची तक्रार होती, ते राज्य तक्रार करण्याच्या अवस्थेत नव्हतं. 22 सप्टेंबरला निजामाची तार आली की तक्रार मागे घेतो. मग नवा वाद. ही तार निजामाच्या मर्जीनं आली की फौजेच्या छायेत? पॅरिसमधलं शिष्टमंडळ कुणाचं प्रतिनिधी? 28 तारखेला यावर चर्चा झाली, निर्णय नाही. 1949 च्या मे महिन्यात पाकिस्तानतर्फे झफरुल्ला खान लांबलचक बोलले. ठराव काही झाला नाही. 'हैदराबादचा प्रश्न' मात्र त्यानंतर कित्येक दशकं परिषदेच्या प्रलंबित विषयांच्या यादीत तसाच नोंदलेला राहिला.

या वादाची एक शेपूट तर अगदी अलीकडेपर्यंत वळवळत होती. 20 सप्टेंबर 1948 ला, म्हणजे शरणागतीनंतर दोन दिवसांनी, याच मोईन नवाझ जंग यांनी लंडनच्या बँकेतले निजामाचे दहा लाखांहून थोडे अधिक पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळवले. पैसे कुणाचे? खटला चालला, रक्कम गोठली, व्याज वाढत राहिलं. 2019 च्या ऑक्टोबरात लंडनच्या न्यायालयानं निकाल दिला, तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. निकाल भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूनं लागला. म्हणजे पैशाचा निकाल 71 वर्षांनी का होईना, लागला. 'हैदराबाद राष्ट्र होतं का' याचा निकाल परिषदेनं कधीच दिला नाही.

नावात काय आहे?

आता एक साधा प्रश्न. या कारवाईला 'पोलीस ॲक्शन' का म्हणतात? रणगाडे होते, विमानं होती, फौजेच्या तुकड्या होत्या. पोलीस कुठे होते?

याचं उत्तर आता तुमच्या लक्षात आलं असेल. युद्ध म्हटलं की दोन राष्ट्रं आली आणि मग परिषद आली. पोलीस कारवाई म्हटलं की घरातला बंदोबस्त झाला. ते नाव हाच भारताचा कायदेशीर युक्तिवाद होता. निजामाचा शब्द 'आक्रमण', तोही युक्तिवादच. आणि ज्यांनी कॅम्पात, तुरुंगात, गावात सोसलं त्यांचा शब्द 'मुक्तिसंग्राम'. आम्ही हा तिसरा शब्द वापरतो आणि तो योग्य आहे असं मानतो. कारण हैदराबादच्या स्वातंत्र्याच्या दाव्याची खरी कमजोरी कायद्यात नव्हती. जे राज्य स्वतःच्या प्रजेला मत विचारायला तयार नव्हतं, ते जगाकडे स्वातंत्र्य मागत होतं. हे परतूरच्या माणसाला 1937 साली कळत होतं.

पण मुक्तिसंग्राम हा शब्द वापरायचा तर पुढचं पानही वाचायला हवं. मराठवाड्यात जुनी माणसं अजून म्हणतात, अमक्याचा जन्म 'पोलीस ॲक्शन'च्या साली. काही घरांत हा शब्द हळू आवाजात उच्चारला जातो. कारण फौज आल्यानंतरच्या दिवसांत अनेक गावांत मुसलमानांची कत्तल झाली. रझाकारांनी केलेल्याचा सूड ज्यांच्यावर उगवला गेला, त्यांतले पुष्कळजण रझाकार नव्हते. केंद्र सरकारनंच पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीला पाठवलं. नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये ते संस्थानात फिरले. त्यांचा अंदाज असा, की संपूर्ण संस्थानात कमीत कमी 27 हजार ते 40 हजार माणसं गेली. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला. औरंगाबाद, बीड, नलगोंडा, मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात आपला जालना तालुका, अंबड, भोकरदन हे सगळं होतं. त्याच अहवालात जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

इथे आंतरराष्ट्रीय प्रतिसादाची खरी मर्यादा दिसते. पॅरिसमध्ये राष्ट्र कुणाचं, सही कुणाची, तार कुणाची यावर तास-तास गेले. रझाकारांनी लुटलेल्या गावातली बाई तिथे कुणाच्या भाषणात माणूस म्हणून नव्हती, पुरावा म्हणून होती. नंतर मारल्या गेलेल्या माणसांचंही तेच झालं. एका देशानं पहिली गोष्ट सांगितली, दुसऱ्यानं दुसरी. दोन्ही गोष्टी एकाच मुलखात, एका वर्षाच्या आत घडल्या होत्या, हे एका श्वासात सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

मग उरलं काय?

23 नोव्हेंबर 1949 ला निजामानं भारताची राज्यघटना हैदराबादला लागू करणारं फर्मान काढलं. 26 जानेवारी 1950 पासून तेच निजाम राजप्रमुख झाले. 1952 ला निवडणूक झाली, लोकांनी पहिल्यांदा आपलं सरकार निवडलं. 1956 ला भाषावार रचनेत हैदराबाद राज्यच विसर्जित झालं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. 1 मे 1960 ला महाराष्ट्र. 1 मे 1981 ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला; औरंगाबादमधून जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद आणि परभणीतून परतूर. ज्या रेघेपायी सुरक्षा परिषद बसली होती ती आता जिल्ह्याची शीव आहे.

शेवटी एक-दोन गोष्टी. पहिली, जग मदतीला येतं ते स्वतःच्या सोयीनं आणि स्वतःच्या वेगानं. 26 दिवस परिषदेला फार नव्हते. जालन्याला पाच दिवस फार झाले. दुसरी, भारताचं काम बरोबर होतं म्हणून भारताचा प्रत्येक युक्तिवाद बरोबर होता असं होत नाही, आणि निजामाचा कायदेशीर मुद्दा वजनदार होता म्हणून त्याचं राज्य न्यायाचं ठरत नाही. या दोन्ही गोष्टी एकदम मनात धरता आल्या पाहिजेत. इतिहास शिकायचा तो त्यासाठीच.

17 सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो. जरूर करावं, ज्यांनी ते मिळवून दिलं त्यांची आठवण ठेवावी. त्या दिवशी घरातल्या, गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, की तुमच्या घरी 'पोलीस ॲक्शन'बद्दल काय सांगायचे. हिंदू घरातही विचारा, मुसलमान घरातही विचारा. त्यांच्या आई-वडिलांकडून ऐकलेलं सांगणारी माणसं अजून आहेत. ऐका आणि लिहून ठेवा. पॅरिसच्या बैठकीचे कागद जपून ठेवलेले आहेत, त्यांची काळजी नाही. आपल्या गावांची कैफियत मात्र कुणी नोंदवलेली नाही, ती आपल्यालाच नोंदवायची आहे.

पुढच्या व्याख्यानात आपण 1948 ते 1956 या काळातल्या हैदराबाद राज्याकडे, विशेषतः मराठवाड्यातल्या जमिनीच्या प्रश्नाकडे वळू. आज इथेच थांबतो.